मी मोकळी झाली काय?

बाकीच्या बाया भांडायला उभ्या राहतात. ही बसायची.

पदर कमरेला खोचायची, टोपली बाजूला ठेवायची आणि ज्याच्याशी बिनसलं असेल त्याच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसायची. आवाज चढवायची नाही, शिवी द्यायची नाही. "बसतो मी. मले काई घाई नाई," एवढंच म्हणायची. हे वाक्य ऐकलं की पिंपळगाव राजातली शहाणी माणसं तिथल्या तिथं मिटवून टाकत. जो शहाणा नव्हता त्याची गोष्ट पुढं येतेच.

मी तेव्हा तिथल्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. बाजारओळीच्या मागं एका खोलीत राहत होते. ती रोज सकाळी भाजी घेऊन दारात यायची. नाल्याकाठी त्यांचा मळा होता, विहिरीला बारमाही पाणी होतं. मी काय खायचं हे बहुतेक तीच ठरवायची. वांगी मागितली तर शेपू काढून द्यायची आणि म्हणायची, "वांगंच खाऊन राह्यल्या तुमी बाई. पोट आहे का आगगाडीचं इंजन?" मी गुपचूप शेपू घ्यायचे.

तिचा नवरा हडकुळा, कमी बोलणारा. रोज सकाळी तो तिच्या डोक्यावर चुंबळ नीट बसवायचा, टोपली उचलून द्यायचा आणि नाल्यापर्यंत सोबत चालत यायचा. नाला ओलांडला की ती मागं न बघता म्हणायची, "जा आता, पानी सोडा." मग तो परत फिरायचा. हे मी स्वतः कितीदा पाहिलंय. गावात लोक त्याला हसायचे. त्याला त्याचं काही नव्हतं.

एकदा आठवडी बाजारात खामगावचा एक चपलावाला तिच्या जागेवर दुकान मांडून बसला. ही आली, काही न बोलता त्याच्या चपलांच्या मधोमध बसली आणि तिथूनच भाजी विकायला लागली. गिऱ्हाईक चपलेचा भाव विचारायचं, ही मिरचीचा सांगायची. दुपारपर्यंत त्यानं हात जोडले आणि पलीकडं सरकला. संध्याकाळी तिनं त्याच्याकडूनच नवऱ्यासाठी चपला घेतल्या, आणि पुढं कितीतरी वर्षं त्या चपलावाल्याच्या घरी हिच्या मळ्यातली कोथिंबीर जात होती. तेव्हा तुम्ही असं समजू नका की ती मुळातच खुनशी होती. साध्या भांडणाचं साधं उत्तर तिला येत होतं.

तिला चार लेकरं. चौथ्याच्या वेळी इतकं रक्त गेलं की बैलगाडीत घालून तिला खामगावच्या दवाखान्यात न्यावं लागलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पुढचं लेकरू हिच्या जिवावर येईल. ऑपरेशन करून घ्या म्हणाल्या. तेव्हा अंगात रक्त नव्हतं म्हणून ते पुढं ढकललं गेलं, आणि पुढं ढकललेलं काम मळ्याच्या रगाड्यात राहून गेलं. मग दिवस राहिले.

गर्भपाताचा कायदा तेव्हा नुकताच झाला होता. रेडिओवर सांगत, पण गावात कोणाचा विश्वास बसत नव्हता. सरकार असं कसं करू देईल, असं बायका म्हणायच्या. खामगावला गेलं तर नाव लिहून घेतील, गावभर होईल, ही भीती वेगळी. आणि बाजारओळीत एक डॉक्टर होताच.

डॉक्टर आपला म्हणायचा. कुठल्याशा दवाखान्यात कंपाउंडर होता, तिथून येऊन यानं पाटी लावली. अंगावर पांढरीशुभ्र पँट, अत्तराचा वास, आणि चहाच्या टपरीवरसुद्धा गळ्यात ती तपासायची नळी. तापाला सुई, खोकल्याला सुई, सासूशी भांडण झालं तरी सुई. बोलायला मात्र गोड होता. लोकांना तेच आवडायचं.

त्यानं तिला सांगितलं, खामगावला कशाला जाता, माझ्याकडं औषध आहे. दोन सुया दिल्या, कसल्याशा गोळ्या दिल्या. तिला रक्त गेलं, पोटात कळा आल्या, आठवडाभर ती अंथरुणात होती. मग ती त्याला दाखवायला गेली. त्यानं खुर्चीतून न उठता लांबूनच सांगितलं, "झालं. मोकळी झाली तू. आता दूध-तूप खा."

ती मळ्यात परत गेली आणि कामाला लागली. पण सकाळची मळमळ काही जाईना. छाती दुखायची, अंग जड वाटायचं. पाळीची वाट पाहिली, ती आली नाही. ती परत त्याच्याकडं गेली. त्यानं वायगोळा आहे म्हणून चूर्ण दिलं. लुगड्याची गाठ सैल करावी लागली तेव्हा ती तिसऱ्यांदा गेली.

त्या दिवशी बाजार होता. दवाखान्याच्या ओट्यावर बायामाणसं दाटीनं बसली होती. तिनं हळूच सांगितलं की ते पडलेलं दिसत नाही, एकदा नीट पाहा. त्याच्या गोड जिभेला काय झालं कोण जाणे. औषध लागू पडलं नाही असं चारचौघांत कबूल करणं त्याला जमलं नसावं. तो सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "मी तं साफ केलं होतं. आता हे कोनाचं आहे, ते तुझ्या नवऱ्याले विचार."

ओट्यावर कोणीतरी हसलं. ती ओट्यावरून खाली उतरली. आयुष्यात पहिल्यांदा कुणासमोर न बसता ती निघून आली, असं नंतर मला तीच म्हणाली.

दुपारी ती माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन टेकली. रडली नाही. तिला पाहून मीच घाबरले.

"बाई, ते पडलंच नाई," ती म्हणाली. "चार पोरं झाली मले. मले समजते. अन् काल संध्याकाळी आत फडफडलं."

मी म्हटलं, उद्याच्या पहिल्या गाडीनं खामगावला जायचं. तिचा नवरा मागोमाग आला होता, बाहेर भिंतीला टेकून उभा होता. ओट्यावरचं वाक्य तोवर त्याच्या कानावर गेलेलं होतं. तो आत आला नाही, तिथूनच म्हणाला, "लोक काय म्हनतात ते मले सांगू नका बाई. मले माह्या घरचं माहीत आहे. हिले तेवढी वाचवा."

खामगावच्या डॉक्टरीणबाईंनी तिला ओळखलं. तपासलं. काय काय दिलं होतं ते विचारलं, पण ते तिला सांगता येईना, कारण त्यानं गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून दिल्या होत्या. बाई हात धुऊन आल्या आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसल्या.

"गर्भ आहे. तोच आहे, नवा नाही. रक्त गेलं म्हणजे गर्भ गेला असं नसतं. औषधानंतरही मळमळ राहिली, पाळी आली नाही, पोट वाढत गेलं, तर तेव्हाच कुणीतरी हात लावून तपासायला हवं होतं. त्यानं तपासलं का?"

"नाई. खुर्चीवरूनच म्हनला, झालं."

 डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं. दिवस वर गेले आहेत, तरी कायद्यात अजून बसतं. एवढ्या दिवसांचं असलं की दोन डॉक्टरांचं मत लागतं, ते मी घेते. पोट उघडून करावं लागेल आणि त्याच वेळी मागं राहिलेलं नसबंदीचं ऑपरेशनही होईल. ठेवायचं म्हटलं तर बाळंतपणात तुमच्या जिवाला धोका आहे, आणि त्या सुया-गोळ्यांनी पोटातल्या जिवाला काय केलं असेल ते मला सांगता येणार नाही. एवढं बोलून त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय हवं आहे?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिनं दाराशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडं पाहिलं, पुन्हा डॉक्टरीणबाईंकडं पाहिलं.

"मले चार आहेत," ती म्हणाली. "त्याइले माय पाहिजे."

नवऱ्यानं रक्त दिलं. त्या हडकुळ्या माणसाच्या अंगातून रक्त निघालं हेच मला नवल वाटलं. ऑपरेशन पार पडलं, पण ती फार अशक्त झाली. पुष्कळ दिवस तिथंच पडून होती. मी रविवारी भेटायला जायचे. ती छताकडं बघत पडलेली असायची. मला वाटायचं, गेलेल्या जिवाचं दुःख करत असेल. तेही असेल. पण एका रविवारी माझ्याकडं मान वळवून तिनं विचारलं, "बाई, त्याचा दवाखाना सकाळी किती वाजता उघडते?"

मी समजले.

ती गावात परतली तेव्हा त्या एका वाक्याची झाडं झाली होती. पाणवठ्यावर ती गेली की बोलणं थांबायचं. थोरल्या मुलीचं नांदुऱ्याकडं जवळजवळ ठरलेलं लग्न मोडलं. मुलाकडच्यांनी कारण दिलं नाही, द्यायची गरजही नव्हती. ठाण्यातल्या जमादाराकडं नवरा गेला, तर जमादार स्वतःच त्या डॉक्टरची सुई घेणारा. त्यानं घरातलं प्रकरण चव्हाट्यावर आणू नका असा सल्ला दिला.

मग एका सकाळी तिनं आपली भाजीची जागा बदलली. दवाखान्याच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडं, गोणपाट अंथरलं. डॉक्टर आला, कुलूप काढलं. ओट्यावर पाच-सहा माणसं होती. तिनं बसल्या जागेवरून, भाव विचारावा तितक्या शांतपणे विचारलं,

"डॉक्टरसायब, मी मोकळी झाली काय?"

त्यानं ऐकलं नाही असं दाखवलं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशीही. रोज तेच, तेवढ्याच आवाजात, फक्त एकदा. त्यानंतर दिवसभर ती भाजी विकायची. एखादी बाई पोटाची तक्रार घेऊन आत जायला निघाली की मात्र तिला हाक मारायची, मिरच्या निवडता निवडता आपलं सगळं सांगायची, लपवाछपवी न करता. आणि शेवटी म्हणायची, "तो झालं म्हनीन. तू ऐकजो नको. खामगावले जाऊन हात लावून पाह्यतील त्याइले दाखव."

पहिले काही दिवस लोक हसले. मग हसणं कमी झालं. मग लोक सकाळी तो प्रश्न ऐकायला मुद्दाम थांबायला लागले.

त्यानं काय काय केलं नाही! आधी माणसाकरवी निरोप पाठवला की घरच्या सगळ्यांना जन्मभर फुकट औषध देतो. त्यावर ती पोट धरून हसली, टाके दुखतील म्हणून मी तिला आवरलं. मग जमादार आला आणि भाजीनं रस्ता अडतो म्हणाला. तिनं गोणपाट वीतभर मागं ओढलं आणि विचारलं, "आता जाते का गाडी?" एका सकाळी तिच्या जागेवर कुणीतरी रॉकेल ओतून ठेवलं होतं. ती त्याच ओल्या मातीवर बसली. दिवसभर भाजीला रॉकेलचा वास येत होता, आणि त्या दिवशी गावानं तिची सगळी भाजी घेतली. मी पण घेतली. खाता आली नाही, पण घेतली.

त्याची बायको मात्र तिच्याकडूनच भाजी न्यायची. डोक्यावरून पदर घेऊन खाली मान घालून यायची. ही तिच्यासाठी कोवळी मेथी बाजूला काढून ठेवायची, तिच्या लहानग्या पोरीच्या हातात गाजर द्यायची. मी एकदा विचारलं. म्हणाली, "भांडन त्याच्यासंग आहे. तिच्या कढईसंग नाई."

महिने गेले. ओटा रिकामा पडायला लागला. त्याच्या पांढऱ्या पँटीची इस्त्री गेली. मला त्याची कीव यायला लागली होती, खोटं कशाला सांगू. एकदा तिला म्हटलं की पुरे आता, पुष्कळ झालं. तिनं भेंडी तोलता तोलता माझ्याकडं पाहिलं. "पुरे कोनाले झालं, बाई? माह्या पोरीले कोनी पाह्यले येऊन राह्यलं का?" मी पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

त्या दरम्यान वरच्या आळीतली एक नवी सून त्याच्या दवाखान्यातून बाहेर पडली. सुई घेऊन, मोकळी झालीस ऐकून आली होती. हिनं तिला जवळ बसवलं, खोदून खोदून विचारलं आणि टोपली तशीच सोडून तिला घेऊन पहिल्या गाडीनं खामगावला गेली. मुलीच्या पोटात गर्भ तसाच होता. वेळेत गेल्यामुळं ती लवकर सुटली. परत आल्यावर तिच्या सासऱ्यानं डॉक्टरच्या दारात जे काही ऐकवलं, ते मी इथं लिहीत नाही.

त्यानंतरच्या बाजारच्या दिवशी डॉक्टर दवाखान्यातून उतरला, रस्ता ओलांडून तिच्या समोर आला आणि जमिनीवर बसला. पांढऱ्या पँटीनिशी, मातीत. आजूबाजूचे लोक सरकून जवळ आले. तो खाली बघत काहीतरी पुटपुटला.

"ऐकू नाई आलं," ती म्हणाली. "तवा जेवढ्यानं बोलले, तेवढ्यानं बोला."

त्यानं मान वर केली. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. "चूक माझी होती," तो मोठ्यानं म्हणाला. "औषध लागू पडलं नव्हतं. मी तपासलं नाही. ते लेकरू हिच्या नवऱ्याचंच होतं."

तिनं ते सगळं ऐकून घेतलं, एकेक शब्द. मग म्हणाली, "उठा आता. गिऱ्हाईक थांबून राह्यलं."

गावाला वाटलं, संपलं. मलाही वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत जाताना पाहिलं, तर ती त्याच जागी. त्यानं कुलूप काढलं आणि तिनं विचारलं, "डॉक्टरसायब, मी मोकळी झाली काय?"

संध्याकाळी मी तिला म्हटलं, आता कशाला, त्यानं कबूल केलं ना?

"ते माह्या नावाचं होतं. ते भेटलं मले." ती टोपली आवरत होती. "जे गेलं ते अजून बाकी आहे. ते त्याले देता येत नाई, अन् मले सोडता येत नाई."

दिवाळीच्या आत त्यानं पाटी उतरवली. सामान बैलगाडीत भरलं. ती समोर बसून सगळं बघत होती. गाडी निघताना तिनं त्याच्या बायकोला मेथीची एक जुडी आणि एक भोपळा दिला. त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्या दिवशी ती मला खूप थकलेली वाटली.

पण एवढ्यावर थांबती तर ती ती नव्हे. तिची मोठी बहीण संग्रामपूरला दिलेली होती. तिच्याकडून कळलं की पांढऱ्या पँटीतला एक नवा डॉक्टर तिकडच्या बाजारात बसला आहे, बोलायला फार गोड आहे. हिनं नवऱ्याला सांगितलं. त्यानं नेहमीसारखी चुंबळ बसवली, टोपली उचलून दिली आणि नाल्याच्या पुढं पहिल्यांदाच एस.टी.च्या थांब्यापर्यंत आला. टोपली टपावर चढवली. मी तिथंच होते. कंडक्टरनं विचारलं, भाजी विकायला एवढ्या लांब? ती म्हणाली, "एक जुनं गिऱ्हाईक आहे तिकडं."

संग्रामपूरच्या बाजारात तिनं काय केलं ते मी पाहिलं नाही. बहिणीकडून परतली तेव्हा टोपली रिकामी होती आणि ती खुशीत होती. तो तिथंही फार दिवस टिकला नाही, एवढं कानावर आलं.

थोरल्या मुलीचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात झालं. आधी मोडून गेलेले लोक परत विचारायला आले होते. त्यांना तिनं ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, गूळ दिला, आणि मुलगी दिली नाही. मुलगी दिली चिखलीकडच्या एका घरी. मुलगा पाहायला आला तेव्हा त्याच्या आईनं आधीच सांगितलं होतं, आम्ही सगळं ऐकलंय, अशा मायची पोर आम्हाला पाहिजे. त्या मांडवात मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं, तेही मुलीला निरोप देताना नव्हे. तिचा नवरा नव्या फेट्यात पाहुण्यांना पान देत फिरत होता, आणि हिची नजर त्याच्यावर होती.

मग माझी बदली बुलढाण्याला झाली. येणं-जाणं कमी झालं. वर्षं उलटली. निवृत्त झाल्यावर एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरच्या लग्नाला पिंपळगावला गेले, तेव्हा आधी मळ्यावर गेले. ती मागच्या पावसाळ्यात गेली होती. नवरा तिच्या आधी दोन वर्षं.

सुनेनं चहा केला. सासूबद्दल बोलताना ती हसत होती आणि मधेच डोळे पुसत होती. शेवटच्या दिवसांत सासूला उठवत नव्हतं, बोलणंही थोडं झालं होतं. गावातले पोथी वाचणारे बुवा उशाशी येऊन बसायचे. एक दिवस ते म्हणाले, माय, मनात कोणाबद्दल काही राहिलं असेल तर क्षमा करून टाका, जीव हलका होतो. तिनं बराच वेळ विचार केला. मग म्हणाली, सगळ्याइले केली, एक सोडून.

बुवांना माहीत होतं कोण ते. त्यांनी समजावलं, तो तर कधीचाच मेला, आता काय धरून बसता?

"मेला?" म्हातारीनं डोळे उघडले. "बरं सांगतलं. मी बी तिकडंच जाऊन राह्यली."